दोरीची शिडी

सुध्या, मागच्या आठवड्यात तुझा जलदान विधी झाला. पत्रिका छापायला टाकण्याआधी तुझा दोस्त देवीदास मला मजकूर वाचून दाखवत होता, आणि 'जलदान' या शब्दापाशी तो थांबला. मी म्हटलं, वाच. आपल्यात सगळ्यांच्याच पत्रिकेवर तो शब्द असतो. आईच्या होता, बाबांच्या होता, तुझ्या भाऊजींच्याही होता. तेव्हा कधी कानाला लागला नाही. या वेळी वाटलं, याला आणखी पाणी कशाला द्यायचं? पण छापू दिला.

भंतेजींची वंदना झाल्यावर आपल्या गावची, तेल्हाऱ्याची माणसं बोलायला उठली. तू नौदलात किती वर्षं होतास, कुठे कुठे गेलास, गावातल्या किती पोरांना भरतीची वाट दाखवलीस. सगळं खरंच असणार. मी पुढच्या सतरंजीवर बसून ऐकत होते आणि वाटत होतं, हा कुणी मोठा माणूस गेलेला दिसतो. माझा सुध्या तोंडात स्क्रू धरून बोलायचा, आणि मी त्याच्यावर ओरडायचे, की आधी ते तोंडातलं काढ, एखादा गिळशील.

तू लग्न केलं नाहीस. तुझे भाऊजी गेले, माझी दवाखान्यातली नोकरी संपली, तूही नौदलातून मोकळा होऊन आलास, आणि आपण दोघं अकोल्याच्या घरात लहानपणासारखे भांडत राहायला लागलो. पहिलं वर्ष तू नुसता बसून काढलंस. वर्तमानपत्र, चहा, परत वर्तमानपत्र. मला भीती वाटायला लागली होती. असे निवृत्त होऊन नुसते बसलेले पुरुष मी वॉर्डात पुष्कळ पाहिले होते. म्हणून तू मालवणकडच्या कुठल्याशा खाडीत पडून असलेली जुनी शिडाची होडी ट्रेलरवर घालून अकोल्याला आणलीस, तेव्हा मी तोंडाने बडबडले, पण आतून मला बरं वाटलं. हे तुला कधी सांगितलं नाही.

देवीदासच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये ती उभी केली. बघायला अर्धं गाव लोटलं. होडीच्या पोटात दोन माणसांना झोपायची, चूल मांडायची जागा असते, हे कुणालाच माहीत नव्हतं. बाया आत डोकावून म्हणायच्या, अगं बाई, यात तर सैपाकघर हाय. देवीदास तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "सुधाकर, आमच्या नळाले आठ-आठ दिवस पानी नाई, अन् तू डोंगा आनला?"

तू म्हणालास, "डोंगा पानी पेत नाई, देवीदास."

तिचं नाव तू आपल्या नदीवरून 'वान' ठेवलंस आणि कामाला लागलास. तुझी कामं मोठी नव्हतीच. मोठं काम करणारा माणूस एकदा करून मोकळा होतो. तुझं रोज एक बारीकसारीक निघायचं. मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघायचास, मग गांधी रोडवरून काहीतरी घेऊन यायचास आणि शेडमध्ये ठोकाठोक सुरू. डबे हेलकाव्याने खाली पडू नयेत म्हणून फळीला काठ. कांद्या-बटाट्यांना छताला टांगलेली जाळी. प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे कापून त्यात पाण्याच्या बाटल्या. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, काहीही बांधायला. ओल्या पायांनी घसरू नये म्हणून वरच्या भागाला रंग देताना त्यात तू बारीक वाळू पेरलीस, आणि वाळू सारखी पडावी म्हणून माझी रव्याची चाळणी नेलीस. ती चाळणी परत आली नाही. वर सावलीसाठी, आपण उन्हाळ्यात कुंड्यांवर बांधतो तीच हिरवी जाळी घेतलीस. तिच्या कडा मी मशीनवर शिवून दिल्या. शिवण वाकडी गेली म्हणून तू उसवायला लावलीस. नौदलात हे चालत नाही म्हणालास. मी म्हटलं, मग नौदलातून शिवून आन.

परतवाड्याला सागवान बघायला गेलो तो दिवस आठवतो. तू लाकडाच्या वखारीत शिरलास की बाहेर यायचं नाव घेत नव्हतास. प्रत्येक फळी नाकाला लावायची, बोटाने वाजवायची. वखारवाल्याने कंटाळून विचारलं, "भाऊ, पलंग करता का दरवाजा?"

"जिना करतो," तू म्हणालास. "डोंग्याचा."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली, की खरंच आहे बाबा.

तो जिना माझ्यासाठी होता. होडीच्या पोटात उतरायच्या पायऱ्या उंच होत्या आणि माझे गुडघे गेलेले. तू मला शेडमध्ये एका स्टुलावरून खाली उतरायला लावलंस, मग त्याहून बुटक्या स्टुलावरून, आणि किती बोटं उंचीला माझं तोंड वाकडं होतं ते बघून खडूने खुणा केल्यास. त्या मापाच्या पायऱ्या केल्यास. प्रत्येक पायरीच्या बाजूला धरायला लाकडी मूठ. माझा चष्मा ठेवायला उशाशी खोबण. शीड चढवायच्या-उतरवायच्या दोऱ्या सगळ्या मागे, जिथे बसून सुकाणू धरतात तिथे आणल्यास, म्हणजे मला पुढे डुगडुगत जावं लागू नये. एवढं माप कुणी माझं घेतलं नव्हतं. लग्नातल्या ब्लाऊजचंही नाही.

हे मी तुला म्हटलं नाही. म्हटलं ते हे, की एवढा खटाटोप करून राहिला, मी काही येत नाही तुया डोंग्यात.

आणि आले. पावसाळा संपल्यावर 'वान' परत ट्रेलरवर चढून मालवणला गेली, मागोमाग आपण. पहिल्या दिवशी मी ओकले. दुसऱ्या दिवशीही. मग एका सकाळी तू माझ्या हातात सुकाणू दिलंस आणि पुढे जाऊन पाठमोरा बसलास, मुद्दाम, माझ्याकडे न बघता. शीड भरलं, होडी थोडी कलली आणि पाणी कापत निघाली. इंजिनाचा आवाज नाही. काळ्या मातीत वाढलेली मी बाई, जिने आयुष्य फिनाईलच्या वासात काढलं, ती समुद्रावर होडी चालवत होती. दोन महिने तसे गेले. एका खाडीतून दुसऱ्या खाडीत, घाई नाही. नांगर टाकायचा, भात-मासे, तुझी ठोकाठोक. तू मला जे दिलंस ते हे दोन महिने. आज मला ते हवेसे वाटत नाहीत, हेही तुला कळू दे. ते नसते तर तू असतास.

आता शिडीचं.

आपण नांगर टाकला होता आणि पाणी स्वच्छ होतं. मी म्हटलं, वानेत पोहलेली मी, इथे उतरते. उतरले, डुंबले, आणि वर यायला निघाले तेव्हा तू कडेवरून दोरीची शिडी सोडलीस. लाकडी पट्ट्यांची, जुन्या मालकाच्या वेळची. त्या शिडीवर पाय दिला की ती होडीच्या तळाखाली जायची आणि मी उताणी लोंबकळायचे. परत धरायचं, परत तेच. तू वर उभा राहून हसत होतास. मग वाकून माझ्या दोन्ही दंडांना धरलंस आणि मला पोत्यासारखं ओढून घेतलंस. माझ्या पोटाला खरचटलं.

मी ओली बसून धापा टाकत म्हटलं, "सुध्या, ही शिडी कामाची नाई. लोखंडी पाहिजे, पान्यात खोल जाईन अशी. हलली नाई पाहिजे."

"करू ना."

"मले तू ओढलं. तुले कोन ओढन?"

"मी पडतच नाई तं ओढाचं काय काम?" तू म्हणालास. "ताई, पडू नये म्हनून तं एवढ्या मुठी लावल्या."

"माह्यात तेवढं बळ नाई, सांगून ठेवतो तुले."

"पाऊस लागला की अकोल्याले जाऊच. तिथं स्टीलची करतो. मस्त, घडीची."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू कपांसाठी पितळी हुक बसवत बसलास. मी विचारलं, "कपाले हुक पाहिजे, अन् मानसाले शिडी नको?" तू तोंडात स्क्रू धरून काहीतरी बोललास. ते मला कळलं नाही. पुढे रोज या ना त्या निमित्ताने तो वाद निघायचा आणि रोज तू तो पावसाळ्यावर ढकलायचास. तेवढ्यात तू एक मसाल्याची फळी केलीस, मच्छरदाणीची चौकट केलीस, एका दाराची कुरकुर घालवलीस. एक गोष्ट मात्र ऐकलीस. तरंगायचं जॅकेट अंगात घालायला लागलास, माझं तोंड बंद व्हावं म्हणून.

त्या दुपारी वारा चांगला होता. किनारा डोळ्यांना दिसत होता. मी सुकाणूवर, खाली कुकर चढवलेला. तू भांडी विसळायला समुद्राचं पाणी घ्यायला कडेवर बसलास आणि दोरी बांधलेली बादली सोडलीस. दोरी तू मनगटाला गुंडाळली होतीस. होडी वेगात होती. बादली भरली आणि तिने झटका दिला. मी समोरच बघत होते. तू ओरडलाही नाहीस. कडेवर होतास आणि नव्हतास, एवढंच.

मी तू शिकवलेलं सगळं केलं. दोरी सोडली, शीड खाली आलं, तिथल्या तिथे, पुढे जावं लागलं नाही. इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. वळले. तुझं डोकं दिसत होतं, जॅकेट दिसत होतं, तू हातही वर केलास. मला वाटलं, झालं. आता हा वर येईल आणि मी याला शिव्या देईन. त्या शिव्या मी वळता वळता जुळवल्याही होत्या.

जवळ आले तेव्हा तू ओरडलास, "इंजिन बंद कर, ताई! पंखा लागन!" मी बंद केलं. दोर फेकला, तू धरलास. मी शिडी सोडली. तू पाय दिलास आणि ती तळाखाली गेली. परत दिलास. परत गेली. तू हसायचा प्रयत्न केलास. मी वाकून तुझे दंड धरले, जसे तू माझे धरले होतेस, आणि ओढलं. सुध्या, मी चाळीस वर्षं माणसं उचलली. खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून टेबलावर. बेशुद्ध माणसं, तुझ्याहून जड. पण तिथे पायाखाली फरशी असते आणि समोरून दुसऱ्या सिस्टरने हात लावलेला असतो. तू छातीपर्यंत आलास आणि परत गेलास.

"शिडाच्या दोरीनं घे," तू म्हणालास. मी ती दोरी तुझ्या जॅकेटच्या पट्ट्याला अडकवली आणि मागे येऊन दोरी गुंडाळायची चरखी फिरवली. तू वर यायला लागलास. मग जॅकेटच वर सरकलं, काखेतून गळ्यापर्यंत, आणि तू घुसमटून हात हलवलेस. मी सोडलं. त्यानंतर तुझ्या ओठांचा रंग बदलला होता. मला तो रंग माहीत आहे.

मी दोर तुझ्या काखेखालून घेऊन कडेला बांधला, पालथी पडले आणि तुझी कॉलर धरली. दुसऱ्या हाताने तुझ्या जॅकेटची शिट्टी ओढून तोंडात घेतली आणि वाजवत राहिले. लांबवर मासेमारीच्या होड्या होत्या. खाली कुकरही शिट्ट्या देत होता.

"थांब," तू म्हणालास. "दम घेऊ दे थोडा. मग चढतो."

"घे दम. पन बोलत राय."

"काय बोलू?"

"काही बी बोल. शिव्या दे मले."

तू डोळे मिटलेस. मी तुला हलवलं. मग तू अगदी रोजच्या आवाजात म्हणालास, "ताई, खालचा गॅस बंद कर."

मी गेले नाही. गेले असते तर तुला सोडावं लागलं असतं. तेवढं बोललास, आणि मग नाही. माझी बोटं तुझ्या मानेवर होती. नाडी धावली, अडखळली, परत लागली, मग लागली नाही. पाण्यात असलेल्या माणसाची छाती दाबता येत नाही. खाली काही टणक लागतं. फळीवर असतास, लाकडी पायऱ्यांवर असतास, कुठेही असतास तरी मी दाबत राहिले असते. मी ते केलेलं आहे. माणसं परत आलेली आहेत.

त्यापुढचं मला नीट आठवत नाही. एक होडी आली, त्यात माणसं होती, कुणीतरी उडी मारली, जळक्या डाळीचा वास येत होता. मग मी त्यांच्या होडीत होते आणि तू माझ्यासमोर फळ्यांवर आडवा. मधलं गेलं. तुझी कॉलर माझ्या हातातून कधी सुटली, मीच दमून सोडली का, ते येण्याआधी सोडली का, काही आठवेना.

पुढचं तसंच झालं, जसं होतं. पोलिसांनी विचारलं, मी सांगितलं. शवविच्छेदन झालं. डॉक्टर तरुण होता, हळू बोलत होता. फुप्फुसात पाणी फार नव्हतं, हृदय बंद पडलं, म्हणाला. "मॅडम, हे घरी बसल्या बसल्याही झालं असतं." त्याला वाटलं माझं समाधान होईल. ॲम्ब्युलन्समधून तुला मालवणहून तेल्हाऱ्यापर्यंत आणलं. एवढा लांबचा रस्ता आपण कधी न बोलता केला नव्हता. बाहेर घाट गेले, ऊस गेला, मग आपली काळी जमीन लागली, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या. ड्रायव्हर मधूनमधून विचारायचा, "आई, चहा घ्यायचा का?" मी म्हणायचे, तू घे.

तेल्हाऱ्यात सगळ्यांनी तेच म्हटलं. त्याची वेळ आली होती. आवडतं काम करता करता गेला. असं मरण यायला नशीब लागतं. मी कुणाला काही बोलले नाही. एकदाच, देवीदास तसं म्हणाला तेव्हा मी बोलले, "वेळ नव्हती आली, देवीदास. शिडी नव्हती."

मला तुझा राग आहे, सुध्या. लोक मेलेल्या माणसाविषयी असं बोलू नये म्हणतात, पण मी तुझ्याशीच बोलते आहे. माझ्या गुडघ्यांसाठी पायरीच्या एकेका बोटाचा तू विचार केलास आणि आपण स्वतः पडू शकतो हे तुझ्या डोक्यात शिरलं नाही. हे कौतुक करण्यासारखं आहे असं मला वाटत नाही. हा माज आहे. तू असतास तर यावर तासभर भांडला असतास. मला ते भांडण हवं आहे. मी अजूनही स्वयंपाकघरात उभी राहून तुझी उत्तरं तुझ्या आवाजात बनवते, आणि ती मला हवी तशीच निघतात, म्हणून मजा येत नाही.

विधी झाला आणि शेवटचा पाहुणाही गेला, तशी मी देवीदासला घेऊन मालवणला गेले. पाऊस लागण्याआधी 'वान' वर ओढून ठेवायची होती आणि तिच्यातलं सामान काढायचं होतं. ज्या होडीने आपल्याला गाठलं होतं तिच्या मालकाने, बाबल त्याचं नाव, तिला खाडीत आणून बांधून ठेवली होती. त्याच्यावर कुणी जबाबदारी टाकलेली नव्हती. रोज येऊन आतलं पाणी उपसून जायचा.

मी आत उतरले. कुकर तसाच होता, तळ कोळसा झालेला. गॅस कुणीतरी बंद केला होता. मी बाहेर बसून कुकर घासायला घेतला. देवीदास म्हणाला, ताई, टाकून द्या ना. पण हाताला काहीतरी हवं होतं. तेवढ्यात बाबल आला, शेजारी उकिडवा बसला. उंच, कानावर केस पांढरे, बोलायला लाजणारा. बराच वेळ तो कुकरकडेच बघत होता.

मी त्याचे आभार मानले. तो नको नको म्हणाला. मग मी विचारलं. त्या दिवसापासून कुणाला विचारलं नव्हतं, देवीदासलाही नाही. म्हटलं, "तुम्ही आलात तेव्हा तो कसा होता? दोराला लोंबत होता का? मी कुठे होते?"

त्याला पहिल्यांदा कळलं नाही मी काय विचारते आहे ते. मग कळलं. त्याने हातातली काडी टाकली.

"बाय, तुम्ही थयच होतास," तो म्हणाला. "दोर कधीच सुटललो. तुमच्या हातावरच होते ते."

मी घासायची थांबले.

"तेंका वर घेऊक आमका येळ नाय लागलो. आमी चवघे होतंव," तो म्हणाला. त्याने स्वतःची मूठ वळून दाखवली आणि दुसऱ्या हाताने तिचं एकेक बोट उघडून दाखवलं. "तुमची बोटां सोडवूक लागलो येळ. तुम्ही सोडूकच नाय. माझो भाव तुमका वरडलो पण, तरी नाय."

देवीदास उठून पलीकडे गेला.

सुध्या, दोर सुटला होता म्हणे. माझी गाठ कच्ची निघाली, त्यावर तू बोलशीलच. पण मी तुला सोडलं नव्हतं.